कारणासाठी जागा : दोन ओळी

आई आली डिसेंबरात, नव्वद दिवसांच्या शिक्क्यावर,
बाळाचं नाव ठरायच्या आधी.
बॅगेत कसाव्याचं पीठ, पेरूच्या वड्या,
आणि परतीचं तिकीट. ते तिनं आरशाच्या कडेला खोचलं,
विसरायला नको म्हणून.

मार्चात विमानं उतरली ती उतरलीच.
गोर्टच्या चौकातलं आमच्या काळ्या घेवड्याचं दुकान बंद,
मांसाचा कारखाना तेवढा चालू.
पहाटे पाचला मी डबा घेऊन निघायचे,
संध्याकाळी आई दारातच अडवायची:
आज कुणी खोकलं का तुझ्या रांगेत?

अर्ज रात्री भरायला घेतला.
पाहुणीचं नाव : झुल्मीरा.
खर्च कोण करणार?
(लिही, मी थोडंच खाते, आई म्हणाली.)
परत जाण्याची अपेक्षित तारीख.
इथं पेन थांबलं, तारीख रिकामी सोडली.
मुक्काम वाढवण्याचं कारण.
मी लिहिलं : विमानसेवा बंद.
एकही अक्षर खोटं नव्हतं.

उरलेल्या दीड ओळीत मावलं नसतं
की माझं लग्न तिनं फोनवर पाहिलं,
अंगठीच्या वेळी चित्र गोठलं होतं;
की अकरा वर्षांनी कुणी माझ्या केसांतला गुंता सोडवला,
न ओढता;
की टपात लावलेल्या पालेभाजीला ती
ऊन नाही म्हणून गोइयासच्या बोलीत रागावते.
की शेजारचा फिन्टन, ऐंशीचा,
कुंपणाच्या भिंतीवर सहा अंडी ठेवून
सहा पावलं मागे सरतो,
आणि ती तिथंच चीजचे गरम गोळे ठेवते.
दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही.
पाऊस आला की दोघं वर बोट दाखवतात.

मुदत वाढली. दोन महिने. मग आणखी. मग आणखी.
पत्र नाही, शिक्का नाही, नुसती घोषणा :
ज्यांची संपते आहे त्यांची वाढली असे समजावे.
समजावे! आईला मी तीनदा सांगितलं, पटेना.
कागदाशिवाय राहणं म्हणजे तिच्या मते
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बूट घालून हिंडणं.
पोलिसांची गाडी दिसली की
ती बाबागाडी गल्लीत वळवायची.

तिकडे बाबा एकटे.
फोन डब्याला टेकवून विचारायचे, भातात मीठ कधी?
गाय व्याल्याचं सांगितलं, वासराचं नाव माझ्या मुलीचंच ठेवलं.
मग खोकला.
मग अकरा दिवस फोन शेजारीण उचलायची.
ते वाचले.
आई ते अकराही दिवस
बॅग भरून, दाराशी ठेवून, मोज्यांसकट झोपली.
नंतरही बॅग तिथून हलली नाही.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी मेल आली :
लिस्बनमार्गे एक जागा आहे.
मी उघडली, वाचली,
आणि पुन्हा न वाचलेली करून ठेवली.
सोमवारपर्यंत.

हे सगळं लिहिते आहे ते त्या चार दिवसांपायी.
बाबांचा आवाज अजून बसलेला होता,
मला ठाऊक होतं.
शनिवारी पोरगी पहिल्यांदा उभी राहिली,
माझ्या बोटाला नाही, आईच्याही नाही,
दाराशी ठेवलेल्या त्या बॅगेला धरून.
आईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
खिशात फोन गरम झाल्यासारखा वाटत राहिला.

सोमवारी सांगितलं.
कधी आली मेल, तिनं विचारलं नाही.
आरशाच्या कडेचं जुनं तिकीट काढलं,
त्याच्या पाठीवर नवी तारीख लिहिली,
आणि फिन्टनसाठी गोळ्यांचं पीठ भिजवायला घेतलं.

डब्लिनला रांगेत मास्क खाली ओढून म्हणाली,
त्या कागदावर कारण काय लिहिलं होतंस?
विमानं बंद, मी म्हणाले.
बरोबर, ती म्हणाली.
बाकीचं सरकारला कशाला.
आणि काचेखालून पासपोर्ट पुढे सरकवला,
उलटा.